डक्टवरचा पत्रा आणि नाशिकची रात्र

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत निसर्गाकडून शिकून बांधलेल्या इमारतींवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, फोटो एकदम भारी होते, पण वाचून झाल्यावर वाटलं की हे सगळं परदेशातलं कौतुक झालं, आपल्या नाशिकचं काय? मी तीस वर्षं साइट सुपरवायझर म्हणून काढली, आर्किटेक्ट नाही की शास्त्रज्ञ नाही, त्यामुळे जे लिहितोय ते उन्हात उभं राहून बघितलेलं आणि रिटायर झाल्यावर रिकामपणी वाचलेलं. पत्र जरा लांबलंय. कापायचं तर कापा, पण कांदा साठवायच्या चाळीचा भाग तेवढा ठेवा.

आधी एक कबुली देतो. आमची सोसायटी पाथर्डी फाट्याकडे, चार मजली, आणि मी तिचा सेक्रेटरी. जिन्याच्या अगदी वर, गच्चीच्या लेव्हलला, चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेली होती आणि शेजारची ओटीएस डक्टही (हवा-उजेडासाठी आकाशापर्यंत मोकळी सोडलेली उभी पोकळी) वरून उघडी. तिथून कबुतरं यायची, जिन्यात घाण, पिसं, कुणाच्या तरी दारात रोज अंडं फुटलेलं, मीटिंगमध्ये दर महिन्याला तोच विषय. शेवटी ठराव झाला की वरून पॉलीकार्बोनेटचं शीट टाकायचं आणि बाजूही बंद करून टाकायच्या. ठराव मीच मांडला, कोटेशन मीच आणलं, आणि काम होताना वर उभा राहून सिलिकॉन नीट भरून घेतलं तेही मीच. कबुतरं गेली. पहिल्याच एप्रिलमध्ये चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, दार उघडलं की तव्यावरची वाफ तोंडावर आल्यासारखं होतं." मी म्हटलं यंदा ऊनच जास्त आहे. दोन वर्षांत चौथ्या मजल्यावरच्या चारही घरांत ए.सी. बसले, आणि त्यांच्या आउटडोअर युनिटची गरम हवा डक्टमध्ये, म्हणजे खालच्या लोकांच्या बाथरूमच्या खिडक्यांत. मग खालीही ए.सी. आले. एका शीटपायी, आणि ते शीट ज्या माणसाने घातलं त्याने आयुष्यभर बिल्डिंगाच बांधल्या होत्या, आता काय बोलायचं.

तर वारुळाकडे येतो, कारण लेखातही त्याचा उल्लेख होता पण दोन ओळीत उरकला होता.

त्र्यंबक रोडला एका साइटवर प्लॉट साफ करताना कमरेएवढं वारूळ लागलं होतं. जेसीबीवाला हात लावायला तयार नव्हता, मग मजुरांपैकी एका बाईने हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मगच बकेट चालली. नाग वगैरे काही निघाला नाही. आपण वारूळ म्हटलं की नागोबा म्हणतो, पण तो तर आयत्या बिळातला, बांधकाम सगळं वाळवीचं. आत एकाखाली एक कप्पे, आणि त्यात करड्या रंगाचे स्पंजासारखे गोळे, हातात घेतले तर ओलसर आणि चक्क कोमट. तेव्हा मला वाटलं कुजलेलं लाकूड असेल. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं तेव्हा कळलं की ती वाळवीची शेती होती. ती बुरशी पाळते, चावलेल्या लाकडा-पाल्याचा गोळा करून त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. पहिला पाऊस झाला की इगतपुरी-पेठकडच्या बाया जी अळंबी टोपलीत घेऊन येतात त्यातली वारुळावरची अळंबी म्हणजे याच बुरशीचं वर आलेलं डोकं. आता लाखो किडे आणि एवढी बुरशी श्वास घेणार म्हणजे उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड तयार होणार, तो बाहेर काढला नाही तर सगळी वसाहत घुसमटून मरेल. मातीच्या बंद ढिगाऱ्यात हे जमवायचं, ना फॅन ना लाइट. आम्ही त्या जागेवर पाया खणला आणि पहिलं काम काय केलं तर अँटी टर्माइट ट्रीटमेंट! ज्याच्याकडून शिकायचं त्यालाच आधी औषध.

हेच कोडं डोक्यात ठेवून मिक पिअर्स नावाच्या आर्किटेक्टने झिम्बाब्वेच्या हरारे शहरात ईस्टगेट सेंटर बांधलं, १९९६ साली सुरू झालं. ऑफिसं आणि दुकानं असलेली नऊ-नऊ मजल्यांची दोन लांबलचक ब्लॉक, मध्ये काचेचं छप्पर घातलेला चौक. अरुप कंपनीचे इंजिनिअर सोबत होते. नेहमीसारखा सेंट्रल ए.सी. प्लांट तिथे बसवलाच नाही. करतात काय, तर रात्री बाहेरची हवा गार झाली की मोठे फॅन चालू करून ती चौकातून ओढायची आणि प्रत्येक मजल्याच्या फरशीखाली जी पोकळी ठेवलीये तिच्यातून फिरवायची. काँक्रीट जड, ते रात्रभर गार होत राहतं. तासाला दहा वेळा आतली हवा बदलते एवढा जोर रात्री, आणि दिवसा फक्त दोनदा. दिवसा माणसांची, कॉम्प्युटरची, दिव्यांची उष्णता तेच गार काँक्रीट पीत बसतं, गरम हवा वर छताकडून शाफ्टमध्ये जाते आणि गच्चीवरच्या विटांच्या ४८ चिमण्यांमधून बाहेर. बाहेरच्या भिंतीत खिडक्या पाव भागापेक्षा जास्त नाहीत, आणि भिंत सपाट गुळगुळीत न ठेवता तिला दात काढलेत, निवडुंगासारखे, म्हणजे भिंतीची सावली भिंतीवरच पडते.

लोक लिहितात ही बिल्डिंग विजेशिवाय चालते. तसं नाहीये, फॅनला वीज लागतेच, पण हवा खेळवायला लागणारी वीज आणि हवा गार करायला लागणारी वीज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे कुठल्याही घरातलं मीटर सांगेल, पंख्याचं बिल आणि ए.सी.चं बिल शेजारी ठेवून बघा.

आता यात एक गंमत आहे, ती आपल्या लेखात नव्हती. पिअर्सने ज्या समजुतीवर हे बांधलं ती समजूतच अर्धी चुकीची निघाली. १९६१ च्या सुमाराला मार्टिन लुशर नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं होतं की बुरशीची उष्णता वर चढते, वारुळाच्या कडेच्या नळ्यांतून गार होऊन खाली येते, असं चक्र चालतं आणि त्याने आतलं तापमान सांभाळलं जातं. नंतर स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या दोघांनी वारुळं तपासून दाखवलं की घरट्याचं तापमान मुख्यतः खालची जमीन सांभाळते, वरचा उंचवटा हा जास्त करून फुप्फुसासारखा, श्वासासाठी. आणि २०१५ मध्ये महादेवन यांच्या हार्वर्डच्या टीमने आपल्या भारतातल्याच वारुळांत हवेचा वेग मोजला, त्यात दिसलं की दिवसा कडेच्या पातळ भिंती लवकर तापतात म्हणून तिथली हवा वर आणि मधली खाली, आणि रात्री बरोब्बर उलटं. म्हणजे वारूळ दिवस आणि रात्र यांच्या तापमानातल्या फरकावर श्वास घेतं. पिअर्सची स्टेप चुकली, उत्तर मात्र बरोबर आलं, दहावीला माझं गणितात व्हायचं तसं. कारण त्याची बिल्डिंगही शेवटी त्याच फरकावर चालते, गरम दिवस आणि गार रात्र.

आणि हाच फरक नाशिककडे आहे हो! माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहोत, एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळीसला टेकतो पण पहाटे पायाशी ठेवलेली चादर ओढावी लागते. मुंबईत ही सोय नाही, तिथे रात्रीही घामाच्या धारा, तिथल्या माणसाने ए.सी. लावला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आपण बिल्डिंगा कशा बांधतो तर मुंबईसारख्या, आणि आता तर दुबईसारख्या. रात्रीची फुकटची गारवा देणारी हवा बाहेर ताटकळत उभी, आणि आत स्लॅब दिवसभर प्यायलेली उष्णता रात्री बारापर्यंत आपल्या डोक्यावर ओकतोय, खिडक्या बंद, ए.सी. अठरावर.

हे वारुळाचं शास्त्र आपल्याला परकं आहे असंही नाही, आपल्या जिल्ह्यात तर गावोगाव उभं आहे. कांदा चाळ! माझा आतेभाऊ निफाडकडे शेती करतो. मेमध्ये उन्हाळ कांदा चाळीत भरताना मी मुद्दाम गेलो होतो. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं, चाळीच्या दोन रांगांमधल्या बोळात उभा राहिलो तर बऱ्यापैकी वारा. कांदा तोडून आणला तरी तो जिवंतच असतो, श्वास घेतो, उष्णता आणि ओल सोडतो, त्यामुळे ढिगात हात घातला की आत कोमट लागतं. अगदी त्या बुरशीच्या गोळ्यासारखं! कांदा घुसमटला की काजळी धरते, सडतो, नाहीतर कोंब फुटतात. म्हणून चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर उचललेली, तळाच्या फळ्यांत फटी, बाजूंना बांबूच्या कामट्या नाहीतर पट्ट्या, त्याही फटी ठेवून, वर उतरतं छप्पर. खालून गार हवा शिरते, कांद्यातून वर चढते, कौलाखालून निघून जाते. थर चार-पाच फुटांवर न्यायचा नाही. भाऊ म्हणाला, "दादा, भाव पडला की मोह होतो, अजून दोन ट्रॉल्या वर टाकाव्या. टाकल्या की मधला कांदा गेलाच समज." एक पाखी, म्हणजे एका रांगेची चाळ असेल तर दक्षिणोत्तर आणि दुपाखी, दोन रांगांची असेल तर पूर्व-पश्चिम, हे त्याला तोंडपाठ. मी त्याला विचारलं की मग घर बांधताना दिशेचा विचार केला होता का? तो हसला, म्हणाला वास्तुवाल्याला विचारलं होतं. त्याच्या नवीन बंगल्यात हॉलला पश्चिमेची आठ फुटी काच आहे आणि जिल्ह्यातला सगळ्यात गार माणूस दुपारी खाट टाकून झोपतो कुठे, तर चाळीच्या बोळात.

कांद्याला आपण जेवढी हवा देतो तेवढी पोराबाळांना देत नाही, हे मी त्याच्यासमोर बोललो, राग आला त्याला, पण खोटं काय त्यात.

जुन्या नाशकातले वाडे बघा, सराफ बाजार, पंचवटी, तिकडे अजून थोडे टिकून आहेत. दीड-दोन फुटी भिंती, मधे चौक, रात्री चौकात गार हवा साचते आणि सकाळी उशिरापर्यंत ओसरी थंड. तत्त्व तेच. पण मी वाड्यांचे गोडवे गाणारा नाही. वाड्यात दहा वर्षं काढलीत, भिंतीला ओल, मधल्या खोलीत भरदुपारी दिवा, उंदीर, आणि पावसाळ्यात कुठली भिंत कधी येईल याचा नेम नाही, दर वर्षी पेपरात बातमी असतेच. वाडे परत बांधा असं म्हणणं नाही. पण वाड्यातला झरोका गेला आणि फ्लॅटमधला खिडकीवरचा व्हेंटिलेटरही गेला, तो कुणी आणि का काढला याचा विचार व्हावा. पूर्वी भिंतीच्या वरच्या अंगाला जाळीचा हातभर तुकडा असायचा, रात्री खिडकी बंद केली तरी वरची गरम हवा तिथून जायची. आता काय, स्लायडिंग खिडकी. सहा फुटी घ्या, उघडते तीनच फूट, कारण एक काच दुसरीच्या मागे जाते. त्यात डास येतात, चोरांची भीती, म्हणून रात्री तीही बंद. दोष लोकांचा नाही. मच्छरजाळी आणि मजबूत ग्रिल असलेली, रात्रभर उघडी ठेवता येईल अशी जागा जर बिल्डरने भिंतीत ठेवलीच नाही तर माणूस करणार काय?

आणि ब्रोशर बघाल तर नेचर इन्स्पायर्ड लिव्हिंग! गंगापूर रोडला एका स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटला सहज गेलो होतो, पानाच्या आकाराच्या बाल्कन्या, लॉबीत खोटी वेल, आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. छज्जा नाही. विचारलं तर सेल्सवाला पोरगा म्हणे, "सर, छज्जाने एलिव्हेशन बिघडतं." झाडाचं पान काय फक्त दिसायला तसं असतं का? भर दुपारी पत्र्याला हात लावा आणि कडुलिंबाच्या पानाला लावा. पान पाणी बाहेर सोडून स्वतःला गार ठेवतं, आणि एकमेकांवर सावली पडेल असे थर करून उभं राहतं. ते घ्यायचं सोडून आकार घेतला. जपानचे रेल्वे इंजिनिअर एइजी नाकात्सू पक्षी बघायचे, बुलेट ट्रेन बोगद्यातून निघताना धडाम आवाज व्हायचा म्हणून त्यांनी खंड्याच्या चोचीचं नाक गाडीला दिलं, १९९७ ला ती ५०० सिरीज धावायला लागली. त्यांनी गाडीवर खंड्याचं चित्र नाही काढलं. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात आपण सगळे कॅमेरे घेऊन जातो, खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी किती कमी उडतं हे बघून कुणाला गाडी सुचली नाही, मलाही नाही सुचली.

सोलरबद्दल पण बोलतो. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी मिळते, आमच्या ओळखीत बऱ्याच जणांनी बसवलं, चांगलंच आहे, पॅनलच्या सावलीने स्लॅब तापायचा थांबतो हा बोनस. पण घर भट्टीसारखं ठेवायचं आणि सोलर आहे म्हणून दोन ए.सी. जास्त लावायचे हे म्हणजे फुटक्या रांजणाला मोठा नळ लावण्यासारखं. आधी गच्चीवर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्यावर पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे टाइलचे तुकडे टाका, पश्चिमेची भिंत सावलीत आणा, मग किती किलोवॅट लागतात ते मोजा. भिंतीचंही सांगतो. हल्ली सगळीकडे हलके सिपोरेक्सचे ब्लॉक, ते उष्णता आत येऊ देत नाहीत हे खरं पण रात्रीचा गारवा साठवायला वजन लागतं, ते त्यांच्यात नाही, म्हणून निदान स्लॅब आणि फरशीपर्यंत तरी रात्रीची हवा पोचली पाहिजे, फॉल्स सीलिंग करून स्लॅब झाकला की तेही गेलं. आर्किटेक्ट लॉरी बेकर केरळात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मधे पोकळी ठेवायचे, रॅट ट्रॅप बाँड म्हणतात त्याला, साधारण पाव विटा वाचतात आणि मधली हवा ऊन अडवते, थंडीत चिमणी पिसं फुगवून बसते तसं. मी तीस वर्षांत एकदाच ती भिंत बांधून घेतली, गवंडी दोन दिवस कुरकुरला, तिसऱ्या दिवशी हात बसला. बिल्डरने मात्र पुढच्या मजल्याला बंद केलं, कारण प्लंबरला चर खोदता येईना. अडचणी खऱ्या असतात, त्या लेखात येत नाहीत.

केंद्राच्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जा-बचतीच्या नियमावलीत, २०१८ ची आहे ती, भिंतीतून किती उष्णता आत यावी आणि घराच्या क्षेत्रफळाच्या मानाने खिडक्या प्रत्यक्ष किती उघडाव्यात याचे आकडे दिलेत. आकडे आहेत, म्हणजे मोजता येतं. महापालिकेने निदान स्वतःच्या इमारतींना तरी ते लावून बघावं. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात एवढी बांधकामं चाललीत, तपोवनातली झाडं तोडण्यावरून एवढं रान उठलं, त्यातली एक, फक्त एक मनपा शाळा नाशिकची रात्र धरून बांधा. पत्र्याच्या शेडमध्ये मार्च-एप्रिलला पेपर लिहिणारी पोरं मी बघितलीत, त्या शेडला वर आढ्याला वीतभर फट आणि खाली जाळी, एवढं केलं तरी फरक पडेल, कांदा चाळ बांधणारा कुठलाही मिस्त्री हे करून देईल, त्याला कन्सल्टंट लागणार नाही.

आमच्या शीटचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. गेल्या मार्चमध्ये परत मीटिंग घेतली, चूक माझी होती असं मिनिट्समध्ये लिहून घेतलं, आणि फॅब्रिकेटर बोलावून तेच शीट चारी बाजूंनी दीड फूट वर उचललं. पाऊस आत येऊ नये म्हणून फूटभर पुढे काढलं, फटीला कबुतरजाळी. खाली तळमजल्यावर जिन्याच्या दाराची काच काढून तिथेही जाळी लावली, कारण वरून हवा जायची तर खालून आत यायला नको का, हे मला चाळीत उभं राहून कळलं होतं. थर्मामीटर लावून काही मोजलं नाही, त्यामुळे किती डिग्री उतरलं ते विचारू नका. पण आता मेमध्ये संध्याकाळी सातनंतर जिन्यात उभं राहिलं की पायाकडून वर वारा लागतो, अगरबत्ती धरली तर धूर सरळ वर जातो. वहिनींचा ए.सी. अजून आहे, आता रात्री अकराला बंद करतात, पूर्वी सकाळपर्यंत चालायचा. फॅब्रिकेटरने साडेनऊ हजार घेतले, पहिल्यांदा शीट बसवायला बावीस दिले होते.

कबुतरं मात्र आता त्या पुढे काढलेल्या फूटभर शीटवर येऊन बसतात. पुढच्या मीटिंगला विषय आहेच.

आपला,
एक जुना वाचक
पाथर्डी फाटा, नाशिक